डाव्या अंगठ्याचा हिशेब

संगणक येण्याआधीच्या दिवसांत बँकेत प्रत्येक खातेदाराच्या नावाचं एक कार्ड असे. त्यावर त्याच्या सहीचा नमुना. लाकडी ट्रेमध्ये ती कार्डं उभी लावून ठेवलेली असत, आणि पैसे काढायला आलेल्या माणसाची सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघणं यात आमचं अर्धं आयुष्य गेलं. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. असं का, हे सदतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात पोफळीजवळच्या आमच्या शाखेत एक तिशीचा माणूस काउंटरवर आला. स्लिपवर त्यानं उजवा अंगठा उठवला. कॅशियर नेहमीच्या सुरात म्हणाला, "डावा लावा हो. किती वेळा सांगायचं?" त्यावर त्या माणसानं गळ्यात अडकवलेला हात जरासा वर केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सायेब, डावा बोगद्यात ऱ्हायला."

मी उठून बाहेर आलो. ट्रेमधून त्याचं कार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वी खातं उघडताना उठवलेला डावा अंगठा त्यावर होता, निळ्या शाईत, रेषा न् रेषा स्पष्ट. तो अंगठा आता जगात फक्त आमच्या ट्रेमध्ये शिल्लक होता.

बँकेच्या पुस्तकात याचीही सोय असते, हे वाचकांना गमतीचं वाटेल. अंगठा उठवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. आमचा खातेदार तेवढ्यावर गेला नव्हता, त्याचा उजवा शाबूत होता. नमुना बदलल्याची नोंद करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "अंगठा नाही." साक्षीदार म्हणून माझीच सही केली. त्या सहीचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला असावा.

पोफळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चिपळूणहून कराडकडे निघालं की कुंभार्ली घाट चढण्याआधी हे गाव लागतं. वरती सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेचं पाणी अडवलं आहे. ते डोंगराच्या पोटातून खाली आणून सुमारे पावणेपाचशे मीटरच्या उंचीवरून टर्बाइनवर सोडायचं आणि वीज करायची, असा हा सगळा खटाटोप. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या आत आहे. पहिला संच सुरू झाला १९६२ साली. मी तिथं होतो तेव्हा चौथ्या टप्प्याचं काम चाललं होतं. १३ मार्च १९९९ ला शिवाजीसागराच्या तळाला सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरली होती. त्या वर्षांत अर्ध्या देशातली माणसं कुंभार्लीच्या पायथ्याशी राहत होती. बिहारी, उडिया, नेपाळी. स्थानिकही पुष्कळ. रात्री सुरुंगाचा धक्का बसला की आमच्या शाखेच्या काचा थरथरत आणि गावातली म्हातारी माणसं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवत बसत.

आमचा हा खातेदार जवळच्याच वाडीतला. ठेकेदाराकडे ड्रिलिंगच्या टोळीत मदतनीस होता. महिन्याला ओव्हरटाइम धरून सव्वीसशे मिळत. डिटोनेटर हाताळताना व्हायचं ते झालं. ठेकेदाराच्या मुकादमानं दहा हजार रुपये आणि "पुन्हा कामावर घेतो" असं तोंडी आश्वासन पुढे केलं. तो घेणारही होता, पण बायको अडून बसली. चिपळूणच्या एका वकिलानं फी न घेता प्रकरण चालवलं, आणि काही महिन्यांनी तो माझ्या टेबलासमोर एक चेक घेऊन उभा राहिला. चौऱ्याहत्तर हजार आठशे त्र्याहत्तर रुपये.

हा आकडा कुठून आला हे मी त्याला समजावून सांगितलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनीही मला तो हिशेब तोंडपाठ आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा सगळा विषय सामावून घेतला गेला. ते परिशिष्ट म्हणजे माणसाच्या शरीराचं दरपत्रक. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं समजायचं. अंगठ्याबरोबर तळहातातलं त्याचं हाडही गेलं तर ४०. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. दोन्ही हात गेले तर १००. ठार बहिरेपणा आला तरी १००. मग पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं, तिसाव्या वर्षी तो २०७.९८ असतो, आणि येईल त्याचे ३० टक्के काढायचे. यात एक मेख होती. पगार कितीही असो, तेव्हा हिशेबात धरायचा तो जास्तीत जास्त दोन हजार. म्हणजे त्याच्या सव्वीसशेतले सहाशे पहिल्याच ओळीत गळाले. उरलेलं गणित मात्र पैशापर्यंत बरोबर होतं. मी दोनदा तपासलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सत्तर टक्के मी अजून हाय?"

कायद्याच्या मते, होय. बोगद्याच्या मते, नाही. ड्रिलचा दांडा एका हातानं आवळून धरता येत नाही. टोळीत तो शून्य टक्के होता. मुकादमानं आश्वासन पाळलं, हे मान्य करायला हवं. त्याला सामानाच्या शेडवर रात्रीचा रखवालदार म्हणून ठेवला, महिना बाराशेवर. सव्वीसशेचे बाराशे झाले. तीस टक्के अंगठ्याचे पगारातले निम्म्याहून जास्त गेले. इथंच परिशिष्टाचं आणि आयुष्याचं जमत नाही. कारकुनाचा डावा अंगठा आणि ड्रिलवाल्याचा डावा अंगठा यांना कायद्यानं एकच भाव लावलेला. हे न्यायाधीशांच्याही लक्षात आलेलं होतं. सुतारकाम करणाऱ्या एकाचा डावा हात कोपराच्या वरून गेला, तेव्हा सुतारकीपुरता तो शंभर टक्के निकामी झाला हे सर्वोच्च न्यायालयानं सत्तरच्या दशकातच मान्य केलं होतं. पण तो निकाल पोफळीपर्यंत पोचायचा तर वकील हवा, वेळ हवा, आणि घरात तेवढे दिवस चूल पेटती हवी.

त्याच सुमारास कॉलनीतल्या एका कायम कर्मचाऱ्याला अपघात झाला होता. त्याच्या हाताची दोन बोटं गेली. त्याला बसून करायचं काम मिळालं आणि पगाराची श्रेणी तीच राहिली. ७ फेब्रुवारी १९९६ पासून अपंग व्यक्तींचा नवा कायदा लागू झाला होता आणि त्याचं सत्तेचाळिसावं कलम स्पष्ट होतं: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कोणाला काढायचं नाही, खालच्या पदावर ढकलायचं नाही, जमेल ते काम त्याच वेतनश्रेणीत द्यायचं. मात्र हे सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांपुरतं. ठेकेदार त्यात बसत नव्हता. २०१६ चा नवा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले, राखीव जागा तीनाच्या चार टक्के झाल्या, पण नोकरी टिकवण्याची ही हमी अजूनही सरकारी आस्थापनांनाच बांधते. खासगी मालकाला धोरण जाहीर करायला सांगितलं आहे. एकाच डोंगराच्या पोटात दोन माणसं काम करत होती. बोटं कोणाच्या हजेरीपटावर असताना तुटली यावर पुढचं सगळं ठरलं.

राखीव जागांचा तरी उपयोग? त्यासाठी किमान चाळीस टक्के लागतात. पोफळीहून चिपळूण, चिपळूणहून रत्नागिरी, असं शंभर किलोमीटरवर एस.टी.नं जायचं, ज्या दिवशी बोर्ड बसेल त्या दिवशी. तो तीनदा गेला. तीन रात्रींची मजुरी बुडाली. दाखल्यावर आकडा आला तो चाळिसाच्या खाली. ठेकेदाराकडून पगार कापून घेण्याइतका तो अपंग होता, सरकारकडून काही मिळवण्याइतका नव्हता.

आता माझी गोष्ट.

चेक जमा झाल्यावर तो एक कागद घेऊन आला. त्याला फोनचा बूथ टाकायचा होता. तरुण वाचकांसाठी सांगायला हवं, की तेव्हा पिवळ्या पाटीवर एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. अशी अक्षरं रंगवलेली टपरी म्हणजे गावाची मोठी सोय होती, आणि अशा टपऱ्या देताना टेलिफोन खातं अपंगांना प्राधान्य देई. बँकेतही त्यांच्यासाठी सोय होती. १९७२ पासून भेदक व्याजदराची एक योजना चालू होती, चार टक्के व्याजाची. त्यात साडेसहा हजारांपर्यंत कर्ज, शिवाय अपंगाला कुबड्या, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र यासाठी वर पाच हजार. प्रत्येक बँकेनं आदल्या वर्षीच्या कर्जाच्या एक टक्का रक्कम या योजनेत द्यावी असं उद्दिष्ट असे. मार्च जवळ आला की आम्ही कर्जदार शोधत फिरत असू.

पण तो आला होता सप्टेंबरात. आणि त्याच्याजवळ चाळीस टक्क्यांचा दाखला नव्हता. मी म्हटलं, टपरीत पैसे घालून बसशील, लाइन मिळायला वर्ष जाईल, अक्षरओळख नाही, बिलं कोण लिहील? त्यापेक्षा पैसे मुदतठेवीत ठेव. बारा टक्के व्याज आहे. महिन्याला साडेसातशे घरबसल्या. बाराशे आणि साडेसातशे, झाले साडेएकोणीसशे. मी कागदावर बेरीज करून दाखवली. तो त्या बेरजेकडे बघत राहिला. बायको बाहेर बाकावर बसली होती, तिला त्यानं आत बोलावलं नाही, आणि मीही "तिला विचार" असं म्हटलं नाही. त्याच्या नावानं ठेवीची पावती केली. त्या महिन्यात आमच्या शाखेचं ठेवींचं उद्दिष्ट थोडक्यात हुकत होतं, हेही इथं लिहून टाकतो.

पुढच्या वर्षी बाजारात दुसऱ्या एकानं बूथ टाकला. पोलिओनं पाय गेलेला तरुण, कुबड्यांवर चालणारा. त्याचा दाखला पक्का होता. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा त्या टपरीपुढे बोगद्यातल्या पाळीवरून सुटलेल्या माणसांची रांग लागे. कोणी गयेशी बोलतोय, कोणी ब्रह्मपूरशी. तिकडे पलीकडून रडण्याचा आवाज आला की रांगेतले सगळे दुसरीकडे बघत. तो तरुण त्या दोन-तीन वर्षांत माझ्याएवढं कमवत असावा. आणि त्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर, शेडच्या दारात, आमचा रखवालदार कांबळं पांघरून बसलेला असे.

२००३ उजाडेपर्यंत ठेवींचे दर सहाच्या आसपास आले. साडेसातशेचे पावणेचारशे झाले. तोवर माझी बदली झाली होती. मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच सुमारास मोबाइल आला आणि पिवळ्या पाट्याही एकेक करून उतरल्या. मी त्याला बूथ टाकू दिला असता तर तो सुखी झाला असता, असं कादंबरीत लिहिता येईल. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे मला हा मोह चांगला ओळखता येतो. खरं एवढंच, की त्याच्या पैशांचा निर्णय मी केला.

हा मोह आम्हा धडधाकट लोकांना फार असतो. मुंबईच्या एका मोठ्या कार्यालयात मी नवा होतो तेव्हा आमचा टेलिफोन ऑपरेटर अंध होता. त्या काळी अंधांना नोकरी म्हटली की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येत: वेतानं खुर्च्या विणणं आणि टेलिफोनचा बोर्ड. अपंगांसाठी स्वतंत्र सेवायोजन कार्यालय मुंबईत १९५९ साली निघालं, १९७७ पासून केंद्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांत तीन टक्के जागा राखल्या गेल्या. हळूहळू बँकांतही अशी माणसं दिसू लागली. आमच्या ऑपरेटरला अडीचशे एक्स्टेन्शन पाठ होती. बँकेतला पगार कराराप्रमाणे, तेव्हा तो आमच्याइतकाच. पण साहेबांच्या परीक्षेला बसतो म्हटल्यावर वरून उत्तर आलं, की व्हाउचर कोण वाचून दाखवणार? पुढे आपोआप चालणारा एक्स्चेंज आला आणि त्याच्या बोर्डाची वायर काढली. पगार चालूच राहिला. तो रोज वेळेवर येई, रिकाम्या टेबलाशी बसे, पाचला घरी जाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "पगार मला देतात, काम मात्र कॉम्प्युटरला." तो स्वतःच्या खर्चानं पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली शिकला, त्यात चार वर्षं गेली. चार वर्षांनी त्याला पुन्हा टेबल मिळालं, काम असलेलं. तोवर त्याच्या बरोबरीचे आम्ही अधिकारी झालो होतो. व्हाउचरं तर तेव्हा कोणीच वाचत नव्हतं, सगळं पडद्यावर आलं होतं.

आणि ज्यांना नोकरीच नाही त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतले जवळजवळ तीस लाख महाराष्ट्रातले. कुठल्याही स्वरूपाचं काम करणारे त्यांत ३६ टक्के. पुरुषांत ४७, बायकांत २३. २०१८ च्या नमुना पाहणीत तर पंधरा वर्षांवरच्यांत काम असलेले २३ टक्केही भरले नाहीत. ज्यांना काम मिळतं त्यांना किती मिळतं, याकडे आपण फारसं बघत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सव्विसावं कलम होतं. अपंग कामगारांना किमान वेतन लागू नाही असं ठरवण्याची मुभा त्यानं सरकारला दिली होती. अमेरिकेनं १९३८ सालच्या आपल्या कायद्यात असाच दरवाजा ठेवला. म्हणजे कमी मजुरी ही केवळ मुकादमाची लबाडी नव्हती, कायदे करणाऱ्या सज्जनांनाही ती स्वाभाविक वाटत होती.

अमर्त्य सेन यांनी २००९ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली आहे. अपंगाला मिळकत कमी होते हा एक तोटा. आणि मिळालेल्या रुपयातून इतरांइतकं जगणं विकत घेता येत नाही, हा दुसरा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे आकडे त्यांनी दिले आहेत. दारिद्र्यरेषेखाली एकूण १७.९ टक्के लोक. घरात अपंग व्यक्ती असेल तर २३.१, आणि अपंगत्वापायी होणारा जादा खर्च धरला तर हा आकडा एकदम ४७.४ वर जातो. हे वाचताना मला रत्नागिरीच्या त्या तीन खेपा आठवल्या. एस.टी.चं भाडं, वाटेतला चहा, बुडालेली रात्र. विलायतेत काय आणि वाडीत काय.

यावर उत्तरं शोधणारी माणसं आपल्याकडे नव्हती असं नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीत आल्या, केंद्रीय अबकारी खात्यात त्यांनी नोकरी केली, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन अनेकांच्या घरी असेल. त्यांच्या संस्थेनं पुढे सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी चालणारा काजूचा प्रकल्प उभा केला. काम माणसाच्या मापाचं करून घ्यायचं, माणूस कामाच्या मापात कापायचा नाही, इतकी साधी गोष्ट. पण ती सुचायला व्यवस्थापक स्वतः खुर्चीत बसलेला असावा लागतो की काय, कोण जाणे. शासनाकडेही आता स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, डिसेंबर २०२२ पासून. आमच्या फॉर्मांवर माझ्या नोकरीत 'अपंग' होतं, मग 'विकलांग' आलं, शेवटी 'दिव्यांग'.

या दिवाळीनंतर कामाच्या निमित्तानं चिपळूणला गेलो होतो. परत निघण्याऐवजी कराडच्या गाडीत बसलो आणि पोफळीला उतरलो. त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो आता साठीच्या उंबरठ्यावर. मला ओळखलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, बँकेतले सायेब आलेत, बारा टक्केवाले." तो हे हसत म्हणाला. ती हसली नाही. चहा मात्र चांगला केला.

बोलता बोलता कळलं, की चौथा टप्पा संपल्यावर ठेकेदार गेला आणि शेडही गेली. त्यानंतर घर चाललं ते तिच्यावर. गेली वीस-बावीस वर्षं ती काजूच्या कारखान्यात बिया फोडते. ठेव त्यांनी २००४ साली मोडली आणि थोरलीचं लग्न केलं. "बरं झालं तवर तरी होती," तो म्हणाला. माझ्या समाधानासाठी म्हणाला असावा.

रेशन आणायची वेळ झाली होती. मीही त्यांच्याबरोबर चालत गेलो. आता तिथं यंत्रावर बोट लावावं लागतं. दुकानदारानं तिचा उजवा अंगठा घेतला. यंत्र लाल. तर्जनी, लाल. मग एकेक करून दहाही बोटं झाली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी उतवतं. कितीही राख चोळली तरी बोटांची टोकं सोलून निघतात. तिच्या बोटांवर आता रेषाच नाहीत, टोकं नाण्यासारखी गुळगुळीत. मी विचारलं, कारखान्यात याचं काही मिळतं का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे काही विचारलं नाही.

"हो बाजूला," तो तिला म्हणाला. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यानं धोतराला पुसलं आणि काचेवर ठेवलं. हिरवा दिवा लागला. दुकानदारानं तांदूळ मापायला घेतले, आणि पिशवीचं तोंड तिनं दोन्ही हातांनी धरलं.